सोनेरी मुलाम्याच्या जुन्या घड्याळाचे गंजलेले मशीन

प्रश्न (अमळनेर):
आमच्याकडे पणजोबांच्या काळातले चावीचे, टोले देणारे फ्रेंच टेबल घड्याळ आहे. नक्षी अजून सोनेरी आहे, पण बरेच पावसाळे माळ्यावर काढल्याने मशीन गंजले असून चावी अर्ध्या वळशातच अडते. जळगावच्या सराफाकडून नव्याने सोन्याचे पाणी चढवून घ्यावे आणि मशीनमध्ये रॉकेल ओतावे, असे घरच्यांचे मत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (भुसावळ):
सर्वप्रथम चावी फिरवणे थांबवा. तबकडीवर दोन भोके असतील तर आत चालीची आणि टोल्यांची अशा दोन स्प्रिंगा आहेत, आणि घड्याळ बंद असले तरी त्यांत ताण अडकलेला असू शकतो. तो न उतरवता मशीन उघडल्यास दाते तुटतात आणि हातालाही इजा होते. चावी घट्ट धरून, खिट्टी (स्प्रिंग उलटी फिरू न देणारा खटका) उचलून, ताण थोडाथोडा सोडणे हे अनुभवी घड्याळजीचेच काम आहे. गंज पितळी चक्रांना नव्हे, पोलादी आसांना आणि स्प्रिंगांना चढतो. नुसते रॉकेल ओतल्यास गंजाचा भुगा आसांच्या भोकांत साचून पितळ झिजवतो, म्हणून मशीन पूर्ण सुटे करून आसांची टोके घासून गुळगुळीत करावी लागतात. नंतर घड्याळाचे तेल फक्त त्या टोकांना द्यावे, दात्यांना नाही.

उत्तर (जळगाव):
आमचा व्यवसाय सोनारकामाचा आहे, तरीही सांगतो, पाणी चढवू नका. 1840 च्या सुमारास विजेचा मुलामा आला. त्याआधी सोने-पाऱ्याचे मिश्रण धातूवर लावून तापवत, पारा उडून जाई आणि त्या वाफेने कारागीर आजारी पडत. अशा कामात काही भाग मुद्दाम मंद, तर काही घोटून चकचकीत केलेला असतो. नव्या मुलाम्याआधी पॉलिशच्या चाकावर घासले की पानांच्या शिरासुद्धा पुसल्या जातात. चिंच, लिंबू, पितांबरीही लावू नका. मशीन बाहेर काढून सौम्य साबणाच्या पाण्यात ओलावलेल्या कापसाने नक्षी टिपावी, मग स्वच्छ पाण्याने पुसून लगेच कोरडी करावी.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. भोके दोनच आहेत. लंबक रेशमी दोऱ्याला टांगलेला दिसतो. तेथे पोलादी पट्टी बसवावी का?

उत्तर (भुसावळ):
बसवू नये. रेशमी दोरा ही जुनी, मूळची रचना आहे. कुजला असल्यास रेशमाचाच नवा दोरा घालावा.