मदत हवी आहे: अ‍ॅव्होसेट ३० या सायकल कॉम्प्युटरच्या (वेगमापकाच्या) सेन्सर कॉइलचा रोध किती?

जुन्या रोड सायकलवर अ‍ॅव्होसेट ३० बसवतोय. डिस्प्ले आणि पुढच्या हबवरची बहुध्रुवी चुंबकी कडी आहे; फोर्कवरचा सेन्सर तेवढा नाही. नव्या बटण सेलवर घड्याळ चालतं, माउंटचे संपर्क स्पिरिटने पुसलेत.

रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) आणि स्पोकवर एक चुंबक लावून पाहिला, वेग शून्यच. साहजिक आहे म्हणा: याला स्विचची उघडझाप नको, कॉइलमधला एसी (दिशा बदलत राहणारा) सिग्नल हवा, तोही एका फेऱ्यात अनेकदा. ताशी २० किमीला ७००सी (रोड सायकलच्या नेहमीच्या मापाचं) चाक सेकंदाला सुमारे २.६ फेरे घेतं. त्याहून हळू गेलं की व्होल्टेज आणखी पडणार.

डिस्प्ले उघडायचा नाही, नवा कॉम्प्युटरही नको. ज्यांचा सेन्सर चालू आहे त्यांपैकी कुणी मल्टिमीटरने मोजून सांगेल का: दोन संपर्कांमध्ये किती ओहम येतात, आणि कडीपासून सेन्सर किती मिमीवर आहे? छोट्या रिलेची (विजेवर चालणाऱ्या स्विचची) कॉइल सेन्सरच्या जागी चालेल का?