मदत हवी आहे: पॉवर बीआय एपीआयचं टोकन मिळतं, पण रिफ्रेशला ४०१

तासगावच्या बेदाणा सौद्यांचे आकडे सांगलीच्या ऑफिसात एसक्यूएल सर्व्हरवर येतात. सौदे आटोपले की पायथॉन स्क्रिप्टने पॉवर बीआयचा (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं साधन) डेटासेट रिफ्रेश व्हावा, कुणी लॉगिन न करता, एवढंच हवंय. एन्ट्रात (मायक्रोसॉफ्टची ओळख तपासणारी सेवा) अ‍ॅप रजिस्टर आहे, क्लायंट सीक्रेट, म्हणजे अ‍ॅपचा पासवर्ड, घालून टोकनही येतं. पण रिफ्रेशची पोस्ट रिक्वेस्ट पाठवली की ४०१, म्हणजे परवानगी नाही. एपीआय परमिशनमध्ये 'डेटासेट.रीडराइट.ऑल' दिलंय. लायसन्स प्रो. अजून काय राहिलं?

कृष्णाकाठ
टोकन आलं म्हणजे एन्ट्राने ओळख पटवली, इतकंच. डेटासेटला हात लावू द्यायचा का, हे पॉवर बीआय ठरवतं, आणि सर्व्हिस प्रिन्सिपलच्या (माणसाशिवाय, स्वतःच्या ओळखीने येणारं अ‍ॅप) बाबतीत ते ही परमिशन बघतच नाही. ती माणसाने लॉगिन केल्यावर कामाची. खुशाल काढून टाका.

एन्ट्रात नवा सिक्युरिटी ग्रुप तयार करून अ‍ॅपला त्यात टाका. मग पॉवर बीआयच्या अ‍ॅडमिन पोर्टलमध्ये टेनंट सेटिंग्ज, त्यात डेव्हलपर सेटिंग्ज. सर्व्हिस प्रिन्सिपलला एपीआय वापरू द्यायचा पर्याय तिथे आहे; तो फक्त या ग्रुपपुरता चालू करा, सगळ्या कंपनीला कशाला? फॅब्रिक अ‍ॅडमिनलाच हे जमतं. बदल लगेच लागू होत नाही, पाव तास थांबून बघा.

तरीही ४०१ आलं तर वर्कस्पेस. 'मॅनेज अ‍ॅक्सेस'मध्ये अ‍ॅप नावाने शोधून मेंबर करा. व्ह्यूअर करून भागत नाही. डेटासेट 'माय वर्कस्पेस'मध्ये असेल तर ही सगळी खटपट वाया, तिथे सर्व्हिस प्रिन्सिपलला प्रवेशच नाही. वेगळ्या वर्कस्पेसमध्ये हलवा आणि पत्ता 'ग्रुप्स/वर्कस्पेस-आयडी/डेटासेट्स/डेटासेट-आयडी/रिफ्रेशेस' असाच द्या.

हळदबाजार
त्याआधी टोकन उघडून 'ऑड' (टोकन कुठल्या सेवेसाठी आहे ते) बघा. तिथे 'अ‍ॅनालिसिस.विंडोज.नेट/पॉवरबीआय/एपीआय' हवं. टोकन मागताना स्कोपमध्ये (कुठल्या सेवेसाठी हवंय ते) ग्राफचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या दुसऱ्या एपीआयचा, पत्ता राहिला तरी एन्ट्रा बिनतक्रार टोकन देतं, पण ते पॉवर बीआयला चालत नाही. स्कोपच्या शेवटी '/.डीफॉल्ट' लागतंच. टोकन कुठल्याही वेबसाइटवर पेस्ट करू नका. दोन टिंबांमधला भाग बेस६४ने आपल्याच मशीनवर उलगडतो.

मूळ प्रश्नकर्ता
ऑड बरोबर होतं. मेंबर केल्यावर २०२ आलं. पण रिपोर्टमध्ये अजून कालचेच भाव दिसतात?

कृष्णाकाठ
२०२ म्हणजे फक्त विनंती रांगेत लागली. त्याच पत्त्यावर '$टॉप=१' लावून गेट रिक्वेस्ट पाठवा, शेवटच्या रिफ्रेशची माहिती येईल. स्टेटस 'अननोन' असेल तर काम चालू आहे. 'फेल्ड' असेल तर 'सर्व्हिसएक्सेप्शनजेसन' वाचा, खरं कारण तिथे असतं. तुमचा सर्व्हर ऑफिसात, म्हणजे ऑन-प्रिमायसेस गेटवे (ऑफिसातला डेटा पॉवर बीआयपर्यंत पोचवणारं सॉफ्टवेअर) लागणार. तो ज्या पीसीवर आहे तो संध्याकाळी कुणी बंद करून जात नाही ना, हे आधी बघा. लाइट गेल्यावर पीसी परत चालू झाला का, हेही.

प्रोवर दिवसाला ८ रिफ्रेश, आणि वेळापत्रकाने ठरवलेलेही त्यातच धरतात. प्रत्येक सौद्यानंतर स्क्रिप्ट सोडलीत तर दुपारीच कोटा संपेल. 'नोटिफायऑप्शन'मध्ये 'नोनोटिफिकेशन' द्या, अ‍ॅपला मेलबॉक्स नसतो. आणि सीक्रेटची मुदत जास्तीत जास्त २४ महिने, ती तारीख कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा.