आधी मेहनत की आधी गोडी?

रावपुरेकर:
दहावीच्या निकालावरून काल इथे कोणी लिहिलं, "आवड असेल तरच मूल शिकतं, मागे लागू नका." डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. आवड आकाशातून पडत नाही. इथे बडोद्यात सुरसागर तलावाजवळच्या संगीत महाविद्यालयात मी तबला शिकलो. दोन वर्षं नुसतं तिरकिट. बोटं सुजायची, रडू यायचं. तिसऱ्या वर्षी एकदा अख्खा कायदा, म्हणजे तबल्याची बांधलेली रचना, हातातून सरळ निघाला, त्यानंतर मला कुणी रियाजाला बस म्हटलं नाही. आधी हात, मग गोडी. आपले सयाजीराव महाराजच बघा ना. १८७५ साली कवळाणे या खेड्यातून बडोद्याच्या गादीवर दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे, अक्षरओळख नाही. १८८१ अखेर राज्यकारभार हातात!

दांडियाबाजारची सून:
काका, महाराजांना शिकवायला इलियटसाहेब होते. कवळाण्यात तीच बुद्धी, तीच मेहनत शेतात गेली असती. हे त्यांनाही कळलं होतं, म्हणून १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं.
माझ्या मुलीनं दोन वर्षं रोज चार तास गणित केलं. सरांनी भर वर्गात सांगितलं, "तुझ्याच्यानं होणार नाही." आता गणिताचं पुस्तक दिसलं की ती खोलीतून उठून जाते. कुठेय गोडी?

फतेगंजवाला:
म्हणजे सक्ती चालते तर!

दांडियाबाजारची सून:
मूल शाळेत न पाठवल्याचा दंड आईबापांना होता, पोरांना नव्हे. वाचून बोला.

कारेलीबागकर:
मूळ दुखणं भाषेचं आहे. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी. माझा नातू पुस्तकाला चोपडी म्हणतो. जे मनात उमटतच नाही त्याची गोडी कशी लागणार?

फतेगंजवाला:
चार पिढ्या बडोद्यात काढल्या, चोपडी म्हटलं तर बिघडलं काय? मी गुजराती माध्यमात शिकलो, इंजिनियर झालो.

कारेलीबागकर:
झालात. पण आजीचं पत्र वाचता येतं का तुम्हाला?

फतेगंजवाला:
माझ्या आजीला मध्ये आणू नका! ती स्वतः शेजारणींशी दिवसभर गुजराती बोलायची.

कारेलीबागकर:
बोलायची, पण हिशेब मराठीत लिहायची. तुमच्या मुलांना तो वाचता येणार नाही. याचं तुम्हाला काहीच वाटत नाही, याचाच मला राग येतो.

रावपुरेकर:
भाषेसाठी वेगळा धागा काढा. ताई, आंबेडकरांना १९१३ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, महिना साडेअकरा पौंड. पण अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात बसून वाचलं कुणी? महाराजांनी नव्हे.

दांडियाबाजारची सून:
आणि एवढं शिकून १९१७ मध्ये इथे नोकरीला आले, तेव्हा याच शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं. मेहनतीत काय कमी होतं, सांगा.

रावपुरेकर:
काही नाही. तिथे मला उत्तर नाही. आणि मुलीच्या त्या सरांबद्दलही तुमचं खरं. बाकीचं मी मानत नाही.

कारेलीबागकर:
सर कोणत्या भाषेत बोलले होते?