यो-योचे नवे पॅड निवडताना काय मोजावे?

प्रश्न: माझा यो-यो नुसत्या झटक्याने परत येत नाही, बाइंड करावे लागते (म्हणजे फिरत्या यो-योत दोरीचा फास अडकवून तो परत आणावा लागतो). अलीकडे बाइंड करूनही दोरी घसरते आणि यो-यो अर्ध्यावरच रेंगाळतो. बेअरिंगभोवतीचे, दोरी पकडणारे सिलिकॉनचे पॅड अगदी गुळगुळीत झाले आहेत. नवे घेताना बाहेरचा व्यास जुळला की पुरे, की जाडीही पाहावी?

उत्तर १: जाडी अवश्य पाहावी. पुष्कळ यो-योंना १९ मिलिमीटर व्यासाचे पातळ पॅड बसतात, पण सगळ्यांना नाही. म्हणून आधी पॅड ज्यात बसतो त्या खाचेचा बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि खोली मोजावी. पॅड खाचेच्या काठाशी सपाट किंवा किंचित आत बसला पाहिजे, कारण तो वर आला तर दोरी नको तेव्हा पकडली जाते आणि यो-यो अचानक उसळून हातावर येतो. (माझ्या बोटाच्या पेरावर त्याची खूण आहे.)

उत्तर २: जुना पॅड टाचणीने उचलल्यावर खाचेतला चिकट थर स्पिरिटने पुसून काढावा आणि खाच पूर्ण वाळू द्यावी, नाहीतर नवा पॅड खेळताना सुटतो. सुरुवातीला पकड जास्त वाटेल, ती काही दिवसांच्या खेळाने कमी होते; तोवर एकाच बाजूचा पॅड बदलून पाहावा, असे मी सुचवेन.

प्रश्नकर्ता: मोजले, जाड पॅडच मागवणार होतो, थोडक्यात वाचलो. आधी एकच बाजू बदलतो.