‘संवर्धित वास्तव’ आणि ‘परिधेय’: हे शब्द ठेवावेत का?

प्रश्न: मनगटावरच्या घड्याळाने टिपलेल्या नाडीच्या ठोक्यांनुसार, चष्म्यातून समोरच्या रस्त्यावर दिसणाऱ्या आभासी धावपटूचा वेग कमीजास्त करणाऱ्या एका प्रणालीचे मराठी माहितीपत्रक मी लिहीत आहे. मूळ मसुद्यात ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’साठी ‘संवर्धित वास्तव’ आणि ‘वेअरेबल हेल्थ मॉनिटरिंग’साठी ‘परिधेय आरोग्य संनियंत्रण’ असे शब्द आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १: ‘संवर्धित’ काढून टाकावे. मराठीत संवर्धन होते ते वनांचे, पशुधनाचे, वारशाचे. त्यात जोपासण्याचा अर्थ मुरलेला आहे. बोईंगमधील टॉम कॉडेल यांनी १९९० च्या सुमारास ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी’ हा शब्दप्रयोग केला, तो विमानातील तारांची जुळणी करणाऱ्या कामगाराला आकृती नजरेसमोरच दिसावी या खटाटोपातून. दिसते आहे त्यात भर घालणे, एवढाच त्याचा आशय असल्याने ‘वर्धित वास्तव’ पुरेसे आहे. मात्र चष्म्याच्या कोपऱ्यात ठोक्यांचा आकडा झळकतो, एवढ्यावरून हा शब्द वापरू नये. या क्षेत्रातील संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये घातलेल्या अटींनुसार खरे आणि आभासी यांचा मेळ तर हवाच, शिवाय तो त्या क्षणी प्रतिसाद देणारा आणि त्रिमितीत जागेवर बसलेला हवा. आपला धावपटू रस्त्याला पाय टेकून धावत असेल, तर तो या व्याख्येत बसतो.

‘परिधेय’ची अडचण निराळी आहे. आपण अंगठी घालतो, पट्टा बांधतो, चष्मा लावतो. या साऱ्यांना पुरणारे एक क्रियापद मराठीत सहज सापडत नाही आणि ‘परिधान’ म्हटले की डोळ्यांपुढे वस्त्रेच येतात. त्यापेक्षा ‘अंगावरचे उपकरण’ सरळ आहे. ‘संनियंत्रण’ तर दिशाभूल करते, कारण घड्याळ नाडीवर कसलेही नियंत्रण ठेवत नाही. त्याच्या पाठीवरचा हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो, रक्त तो शोषते, आणि दर ठोक्याला परतणाऱ्या प्रकाशात पडणारा फरक यंत्र मोजते. म्हणून ‘नाडीमापन’ म्हणावे.

प्रतिसाद २: बाकी मान्य, पण ‘मापन’ खटकते. दवाखान्यात दंडाला पट्टा गुंडाळून एकदा रक्तदाब घेतात, तेही मापनच. येथे धावणे सुरू असेपर्यंत ठोके टिपले जातात, म्हणून ‘नाडीची सततची नोंद’ असे लिहावे. नाहीतर धावणारा माणूस घड्याळाचे बटण शोधत थांबेल.