कोस्टारिका: जंगलातले अनुभव इथे लिहा

ताडोबा-कान्हा करून आपल्याला सहल एकाच प्रश्नावर मोजायची सवय लागते: 'दिसला का?' कोस्टारिकात हा प्रश्न निकामी होतो. जग्वार आहे, पण त्याच्या आशेवर जाणाऱ्याने तिकिटाचे पैसे वाचवावेत. जिप्सी नाही. चालायचं, नाहीतर होडीत बसायचं, आणि जे भेटेल ते नीट बघायचं. देश महाराष्ट्राच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढा. एका अंगाला पॅसिफिक, दुसऱ्या अंगाला कॅरिबियन, मधे ज्वालामुखींची रांग. 1948 साली यांनी सैन्यच बरखास्त केलं. 1980च्या दशकापर्यंत जंगल तोडून तोडून देश बोडका व्हायला आला होता. आज निम्म्याहून जास्त जमिनीवर झाडी आहे. 1997पासून जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला सरकार पैसे देतं आणि त्यातला मोठा वाटा इंधनावरच्या करातून येतो.

तिथे पाय भिजवून आलेल्यांनी लिहा. रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावाचं वर्णन नको.

हापूसप्रेमी

माहेर रत्नागिरी जिल्ह्यातलं. वेळासला पिल्लं समुद्राकडे धावताना पाहिली होती, पण अंडी घालणारी मादी कधी दिसली नव्हती. ती दिसली तोर्तुगेरोला.

या गावाला रस्ता जात नाही. ला पावोनाच्या धक्क्यापर्यंत गाडी, पुढे कालव्यांतून होडी. हिरव्या कासवांचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. रात्री परवानाधारक गाईडशिवाय किनाऱ्यावर जाता येत नाही. कपडे गडद हवेत, मोबाईल खोलीवर ठेवायचा, विजेरी फक्त गाईडकडे आणि तिचा उजेड लाल. आम्ही झाडीआड अंधारात ताटकळलो होतो. किनाऱ्यावरचा टेहळ्या वायरलेसवर कळवतो, मग एकेका गटाला पुढे सोडतात. मादी वर येऊन खड्डा खणत असते तोवर कोणी जवळ जात नाही, कारण तेव्हा बिचकली तर तशीच समुद्रात परत जाते. अंडी पडू लागली की मात्र ती फारशी विचलित होत नाही. मागून वाकून पाहिलं: ओली, पांढरी, पिंगपाँगच्या चेंडूंसारखी अंडी एकामागून एक पडत होती. साधारण शंभरेक असतात म्हणे. मग मागच्या पायांनी वाळू ओढून, थापून, थापून बसवणं. त्या थापण्याचा धप्प असा आवाज येतो.

लेक कुजबुजला, "आई, ती रडतेय." खरंच डोळ्यांतून धार लागली होती. गाईड म्हणाला, अंगातलं जादा मीठ त्या वाटेने बाहेर पडतं, समुद्रातही पडतच असतं, पाण्यात आपल्याला दिसत नाही एवढंच. त्याचे आजोबा कासवं पकडून विकायचे, हेही त्याने सहज सांगितलं. आर्ची कार या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1950च्या दशकात इथे अभ्यास सुरू केला, 1959मध्ये कासवं वाचवणारी संस्था उभी राहिली, आणि हळूहळू मेलेल्या कासवापेक्षा जिवंत कासव गावाला जास्त मिळवून देऊ लागलं. माझ्या मते वेळासनेही वेगळ्या वाटेने हेच साधलंय.

मचवा

हापूसप्रेमी, तुम्ही पॅसिफिकच्या बाजूचं ओस्तिओनाल पाहायला हवं होतंत. तिथे येतं ते ऑलिव्ह रिडले, म्हणजे आपल्या कोकणातलंच. कोकणात मात्र माद्या सुट्या सुट्या येतात, आणि तिथे ओडिशाच्या गहिरमाथ्यासारख्या हजारोंनी, कधी लाखावर. आणि तिथे गावकऱ्यांना अंडी गोळा करून विकायची कायदेशीर मुभा आहे! मी ऐकून भडकलोच होतो. पण हिशोब असा, की त्याच किनाऱ्यावर नंतर येणाऱ्या माद्या आधीची घरटी उकरून टाकतात, ती अंडी तशीही वाया जातात आणि कुजून बाकीची नासवतात. म्हणून माद्यांचा लोंढा आला की फक्त पहिल्या 36 तासांत, ठरवून दिल्याप्रमाणे काढायची. बदल्यात गाव किनारा साफ ठेवतं आणि चोरांवर पहारा देतं. मला अजून हे पुरतं पटलेलं नाही, पण सरसकट बंदी घालून चोरटा बाजार वाढवण्यापेक्षा बरं.

आजी निघाल्या

माझे गुडघे दोन्ही कामातून गेलेले. लेकीने धीर दिला म्हणून गेले. सांगायचं एवढंच, की म्हाताऱ्यांनी घाबरू नये. मान्युएल आन्तोनियो राष्ट्रीय उद्यानाची मुख्य वाट सपाट आहे. गाईड दुर्बीण तिकाटण्यावर लावतो आणि आपण नुसता डोळा टेकवायचा. मला झाडात वाळलेला पाचोळा दिसत होता, दुर्बिणीत पाहिलं तर तो स्लॉथ, झाडाला लटकणारा तो संथ प्राणी! अंगावर शेवाळ वाढलेलं. शी करायला आठवड्यातून एकदाच झाडावरून खाली उतरतो म्हणे. जावयांनी त्यावर जे विनोद केले ते इथे लिहीत नाही.

फाटकावर पिशव्या तपासतात, खाऊ आत नेऊ देत नाहीत. बरोबरच आहे. तिथली पांढऱ्या तोंडाची माकडं माथेरानच्या माकडांच्या वरताण. मंगळवारी बंद असतं, तिकीट आधीच ऑनलाइन काढा.

सह्यभटक्या

कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान. बाकी सगळं वगळलंत तरी चालेल, हे वगळू नका. 2014पासून गाईडशिवाय प्रवेश नाही. ड्रेक बेहून पहाटे होडी निघते, सिरेना या वनरक्षकांच्या ठाण्याला धक्का नाही, लाटांत गुडघाभर पाण्यात उडी मारायची आणि बूट गळ्यात. मुक्काम त्याच ठाण्याच्या माचावर मच्छरदाणीत. पहाटे हाऊलर माकडं ओरडू लागली की जंगलात कुणी यंत्र सुरू केल्यासारखं वाटतं. ओढ्याकाठी चिखलात टॅपिर (डुकरासारखा, लांब नाकाचा प्राणी) झोपलेला होता, आम्ही गेलो तरी कान हलवण्यापलीकडे त्याने दखल घेतली नाही. लाल मकाव पोपट तर इतके, की दुसऱ्या दिवशी आम्ही मान वर करणं सोडलं. सह्याद्रीत पावसाळी भटकंती केलेल्यांना दमटपणाचं काही वाटणार नाही. मुंगळ्यांचं वाटेल.

पाटावरचा

शाकाहारींसाठी: गाय्यो पिन्तो म्हणजे भात आणि काळा घेवडा एकत्र परतलेला, नाश्त्याला. दुपारी कासादो, म्हणजे भात, घेवडा, तळलेलं पिकलं केळं, कोशिंबीर. नुसतं 'मांस नको' म्हटलंत तर कोंबडी किंवा मासा येऊ शकतो. प्रत्येकाचं नाव घेऊन नको म्हणा. तिखट अजिबात नसतं, लसणाची चटणी बरोबर न्या.

रात्रपाळी

रात्रीच्या फेरीत तेर्सिओपेलो पाहिला, फुरशाच्या दूरच्या नात्यातला, पण अंगाने कितीतरी मोठा. पाचोळ्यात असा मिसळलेला, की गाईडने बोट दाखवूनही मला डोकं सापडेना. त्या देशात सर्पदंशाच्या सर्वाधिक घटना याच्याच. म्हणून गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट सक्तीचे. आपल्याकडे हाफकिन, तसं त्यांच्याकडे क्लोदोमिरो पिकादो संस्था, तीही घोड्यांच्या रक्तातून प्रतिविष करते आणि परदेशांतही पुरवते. ज्यांना हे वाचून भीती वाटली त्यांनी लाल डोळ्यांच्या हिरव्या बेडकाचे फोटो बघा आणि तरी जा.

उतारू

पाकुआरे नदीवर राफ्टिंग केलं. कोलाडपेक्षा पाणी कितीतरी दांडगं, आणि दोन्ही बाजूंनी उभ्या दरीतलं जंगल. पोहता येत नसेल तर निदान वल्ह्याचे हुकूम नीट ऐका. आरेनालला लाव्हा पाहायला जाणार असाल तर उशीर झालाय, 1968च्या जुलैत फुटलेला तो ज्वालामुखी 2010पासून शांत आहे. भाड्याच्या गाडीबद्दल: स्थानिक दायित्व विमा सक्तीचा असतो आणि क्रेडिट कार्डाचा विमा त्याच्याऐवजी चालत नाही. एका कंपनीने आमचं ऑनलाइन भाडं काउंटरवर दुप्पट केलं ते यामुळेच.

पिसारा

केत्झाल पक्ष्यासाठी सान हेरार्दो दे दोता हे गाव. उंची बावीसशे मीटरच्या आसपास, पहाटे चक्क स्वेटर लागतो. फेब्रुवारी ते मे उत्तम. रानटी अवोकाडोची झाडं शेतकऱ्यांनी बांधावर राखलीत, पक्षी फळं खायला येतो आणि शेतकरी बघणाऱ्यांकडून पैसे घेतो. नराची शेपटी अंगाहून लांब, उडताना हिरवी फीत मागे राहते.

नवखी

मुलांच्या शाळेमुळे आम्हाला फक्त जुलै जमतो. पाऊस सगळं धुऊन नेईल का?

धागाकर्ता

@नवखी, नाही. सकाळी ऊन, दुपारनंतर सर असाच पॅसिफिककडचा जुलै असतो, म्हणून जंगलातलं सगळं पहाटे ठरवा. कासवांचा हंगामही तेव्हाच सुरू होतो. ऑक्टोबर असता तर उलट सांगितलं असतं: तेव्हा पॅसिफिककडे धो धो आणि कॅरिबियनकडे कोरडं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा बहुप्रवेशी चालू व्हिसा असला की सहसा वेगळा व्हिसा लागत नाही, पण नियम निघण्याआधी त्यांच्या दूतावासाच्या पानावर तपासा. परतीचं तिकीट छापून ठेवा, विमानतळावर विचारतात. बूट नवे घेऊ नका.