एटीव्हीचा रेडिएटर पुढच्या कॅरिअरवर घ्यायचा आहे: होस, पंखा, बाटली कशी बसवावी?

देपालपूर_रोड
गाडी (एटीव्ही, म्हणजे हँडलची, जाड टायरची उघडी चारचाकी) 570 सीसीची, सिंगल सिलिंडर, फोर बाय फोर. शेतावरच चालते. पावसाळ्यात काळ्या मातीत वीस मिनिटं फिरली की पंखा थांबत नाही आणि टेम्परेचरचा दिवा लागतो. रेडिएटर कंपनीने खाली, दोन्ही पुढच्या चाकांच्या मधे दिलाय, त्यामुळे सगळा चिखल थेट जाळीत जातो. तो वर, पुढच्या कॅरिअरवर घ्यायचा विचार आहे. तयार किट बाहेरून मागवण्यापेक्षा इंदुरातच फॅब्रिकेशन करून घेईन. होस कोणता लागेल? पंख्याची वायर वाढवली तर चालेल का? रिझर्व्ह बाटली (रेडिएटरचं जादा पाणी जिथे जातं ती) खालीच राहू दिली तर?

व्हर्नियर_वाला
आधी गाडी खरंच चिखलामुळे तापते का, ते ठरवा. इंजिन गार असताना रेडिएटरच्या मागून टॉर्च मारा आणि पुढून बघा. उजेड दिसत नसेल तिथली जाळी बंद आहे. धुताना पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे माती आली त्याच वाटेने बाहेर जाते. काळी माती वाळली की सिमेंटसारखी बसते, म्हणून आधी पाणी शिंपडून दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, मग नळाच्या साध्या धारेने धुवा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर वॉशर तिरका लागला की जाळीच्या बारीक पत्र्या आडव्या होतात आणि मग माती नसतानाही हवा जात नाही.

धुतल्यावर गाडी नीट चालली तर रेडिएटर वर घेण्यात अर्थ आहे. स्वच्छ जाळी असूनही उन्हाळ्यात कोरड्या रस्त्यावर तापत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), वॉटर पंप आणि रेडिएटरचं झाकण तपासा. इंजिन चालू करण्याआधी, गार असतानाच झाकण काढून ठेवा. चालू केल्यावर तोंडाशी सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केटवर (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) संशय घ्या. यातलं काहीही रेडिएटर वर चढवून बरं होत नाही. उलट गळायला चार नवे जोड मिळतात.

आता फिटिंग. फ्रेम 25 मिमी चौकोनी पाइपची करा, पण रेडिएटर तिला बोल्टने आवळून बांधू नका. खाली दोन रबर बुशवर त्याचं वजन टेकवायचं, वरचे ब्रॅकेट फक्त धरून ठेवण्यापुरते, तेही रबरातून. खड्ड्यात कॅरिअर पिळवटतो. रेडिएटर घट्ट असेल तर तो पीळ रेडिएटरच्याच टाकीच्या जोडावर येतो आणि तिथेच तडा जातो. पंख्याच्या मागे गरम हवा निघायला निदान 50 मिमी मोकळी जागा हवी. रेडिएटर थोडा मागे कलला तरी चालेल, पण भरायचं तोंड सगळ्यात उंच राहिलं पाहिजे.

होससाठी रेडिएटरच्या नळीचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि त्याच मापाचा आतला व्यास घ्या. लहान अजिबात नको. इंदूरच्या सियागंज बाजारात 'पाण्याचा पाइप' मागितलात तर बागेचा पाइप हातात पडेल. रेडिएटर होस म्हणूनच मागा, ईपीडीएम (उष्णता सोसणारं रबर) किंवा सिलिकॉन. वळणाला सरळ होस वाकवायचा नाही, तो चिमटतो. 90 अंशाचे तयार एल्बो मिळतात. खालचा होस पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. तो लांब आणि मऊ असेल तर इंजिन रेस केल्यावर आत बसतो, म्हणून त्यात स्प्रिंग असलेला होस घ्या.

लांब सरळ तुकड्यासाठी मधे ॲल्युमिनियमची नळी घाला, पण टोकाला उंचवटा काढून. नुसत्या गुळगुळीत टोकावरून गरम होस दाबाने सटकतो. तांब्याची नळी ॲल्युमिनियम रेडिएटरच्या साखळीत नको, ॲल्युमिनियम खाऊन जातं. सीपीव्हीसीचा (नळकामाचा प्लॅस्टिक पाइप) तर विचारही नको. सिलिकॉनवर साधा खाचांचा क्लॅम्प आवळला की रबर त्या खाचांतून चिरतं, तिथे आतून अस्तर असलेला क्लॅम्प लागतो.

शेवटचं आवळण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवा, आणि पुढचा भाग जॅकवर उचलून चाकं लोंबकळत ठेवूनही होस कुठे ताणला जातोय का ते बघा.

बारा_व्होल्ट
पंख्याच्या वायरीला लोक उगाच घाबरतात. पंखा 10 अँपिअर घेतो असं धरा, वायर 60 सेंमी वाढली म्हणजे जाऊन-येऊन 1.2 मीटर. 1.5 चौ. मिमी तांब्याच्या वायरीत त्याने जेमतेम 0.14 व्होल्ट पडतो. तरी 2.5 घ्या, महाग नाही. खरा घोटाळा जोडात होतो. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड पहिल्याच पावसात हिरवा पडतो. क्रिम्प करा (धातूची टोपी पकडीने दाबून जोडा) आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा. इंजिनवरचा सेन्सर आहे तिथेच राहू द्या.

प्लस-मायनस उलटं झालं तरी पंखा फिरतो, फक्त उलटा. कागदाचा तुकडा पुढून जाळीजवळ धरा, तो चिकटला पाहिजे. उडाला तर पंखा समोरच्या वाऱ्याशी भांडतोय.

पण दिशा बरोबर असली की गरम झोत सरळ तुमच्या पोटावर. मे महिन्यात इंदुरात ते सोसवणार नाही, भिया. पंख्यामागे पत्र्याची तिरपी झडप लावून हवा दोन्ही बाजूंना काढा, वर सांगितलेली 50 मिमी जागा अडवू नका.

देपालपूर_रोड
टॉर्च मारून बघितलं. खालचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग बंद, वर उजेड दिसतो. धुतल्यावर दिवा लागला नाही, म्हणजे चिखलच. वर घेतोय. बाटलीचं आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) भरायचं राहिलं.

गार_इंजिन
बाटली वर घ्या, रेडिएटरच्या शेजारी. इंजिन गार होताना रेडिएटर बाटलीतून कूलंट ओढून घेतो. बाटली अर्धा मीटर खाली असली तरी ओढेल, पण बारीक नळीला सुईएवढं भोक असलं तर कूलंटऐवजी हवा ओढेल आणि रोज थोडी थोडी आत साठेल. बाटलीत नळीचं टोक कायम पाण्याखाली हवं.

कूलंट किती वाढेल ते मोजता येतं: आतून 19 मिमीच्या होसमध्ये मीटरला सुमारे 285 मिली, 25 मिमीच्या होसमध्ये सुमारे 490 मिली. दोन्ही होस 60 सेंमीने वाढले तर 19 मिमीला 340 मिली जास्त. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. नळाला येणारं नर्मदेचं पाणी प्यायला छान, पण त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. तयार मिसळलेलं कूलंट घेतलंत तर त्यात पुन्हा पाणी घालू नका.

हवा काढणं हेच या कामातलं चिवट काम. गाडीचं तोंड बांधावर चढवा, पुढची चाकं 30 सेंमी तरी वर. झाकण उघडं ठेवून हळू भरा, दोन्ही होस हाताने दाबत राहा, तोंडाशी बुडबुडे येतील. इंजिनवर एअर स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा) असेल तर त्यातून सलग कूलंट येईपर्यंत सैल ठेवा. मग आयडलवर चालवा. वरचा होस एकदम गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली जाईल, भरा, झाकण लावा. पंखा दोनदा आपोआप लागून बंद होऊ द्या. रात्रभर गार करून सकाळी परत पातळी बघा, बहुतेक वेळा थोडं कूलंट मागतेच. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही.

हवा राहिली तर फसगत होते: सेन्सरभोवती हवेचा फुगा असला की पंखा लागतच नाही, दिवाही शांत, आणि हेड मात्र तापतंय. म्हणून पहिल्या दिवशी पंखा लागतो की नाही यावर लक्ष ठेवा. झाकण कंपनीच्याच दाबाचं. जास्त दाबाचं लावलं की नवे जोड आधी सुटतात.

व्हर्नियर_वाला
दोन गोष्टी राहिल्या. रेडिएटर वर गेला म्हणून गाडी खोल पाण्यात घालू नका. एअर फिल्टर आणि बेल्टच्या (इंजिनची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा) खोलीची हवा घेणारी नळी अजून आहे तिथेच आहे. बेल्ट ओला झाला की घसरतो. आणि हँडलवरच्या दिव्याचा खालचा झोत रेडिएटर अडवेल, तेव्हा वेल्डिंगआधी अंधारात भिंतीसमोर गाडी लावून, पुठ्ठा रेडिएटरच्या मापाचा कापून, उंची ठरवा.